नवशिक्यांची फेरी

आजऱ्याच्या एसटी स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली तेव्हा दादानं माझी बॅग स्वतः टपावर चढवली. शिडीवरून खाली उतरून त्यानं हात झटकले आणि म्हणाला, "काळा पट्टा हाय तिच्यावर, ध्यानात ठेव. दुसऱ्याची उचलशील."

बॅग करड्या रेक्झिनची होती. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'विलास रामचंद्र, आजरा' असं लिहिलेलं होतं. ते दादाचं नाव. आदल्या दिवशी त्यानंच ब्रश घेऊन त्यावर काळा पट्टा मारला आणि पट्ट्याखाली माझं नाव घातलं. कारण बॅग त्याच्यासाठी घेतलेली होती. दुबईला तो जायचा होता.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. वायरमन. मोटारी, पंप, गिरणीचं कनेक्शन, लग्नाचं लाइटिंग, तालुक्यात काहीही बंद पडलं की लोक त्याला बोलवायचे. मुंबईत एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत तो पहिल्या झटक्यात पास झाला होता. गावभर पेढे वाटून झाले. मग एकदा तो पुन्हा मुंबईला गेला आणि दोन दिवसांनी परत येऊन म्हणाला, "मला न्हाई करमायचं तिकडं. शिवाला पाठवूया." मी एकवीस वर्षांचा, नुकताच आयटीआय झालेला. एजंटाकडे दादानं काय हातापाया पडून माझं नाव लावलं ते मला माहीत नाही. माझ्या मेडिकलला तोच माझ्याबरोबर आला, पण दवाखान्याच्या आत आला नाही. बाहेर बाकावर बसून राहिला. मला राग आला होता. एवढं मुंबईपर्यंत यायचं आणि आत यायला काय झालं?

गावानं त्याला सोडलं नाही. 'दुबईवाला' असं नाव पडलं त्याचं, न जाताच. पानाच्या टपरीवर उभा राहिला की कुणीतरी विचारायचं, "काय दुबईवाले, विमान चुकलं काय?" तो हसायचा.

गाडी सुटताना आई खिडकीशी आली. तिचं म्हणणं एकच होतं, "दादाच्या शब्दाबाहेर जाऊ नको." मला हसू आलं. जो स्वतः जायला भ्याला, त्याचा शब्द मी तिकडे काय म्हणून पाळायचा? असं मी मनात म्हटलं, आणि ते मनातच राहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्याला आता चोवीस वर्षं झाली.

पहिली तीन वर्षं मी दुबईत अल कुसैसच्या मागच्या बाजूला एका कॅम्पात राहिलो. आज ज्या बिल्डिंगमध्ये राहतो तिथून गाडीनं जेमतेम दहा मिनिटं. एका खोलीत आठ जण. त्यातले दोघे चंदगडचे होते, त्यामुळे निदान भाषेची उपासमार झाली नाही. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मी एका अर्धवट इमारतीच्या उभ्या शाफ्टमध्ये केबल ओढत होतो. वारा नाही, खाली उतरायला जागा नाही. चक्कर येऊन पडलो. दोन दिवस खोलीत झोपून होतो. तिसऱ्या दिवशी उठलो, टेलिफोन कार्ड घेतलं आणि उन्हात तापलेल्या बूथमध्ये शिरून आजऱ्याला फोन लावला. तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात यायचा आणि दुकानदार हाक मारायचा. त्या दिवशी दादा नेमका दुकानातच होता.

मी त्याला म्हणालो, "तुला भ्या वाटलं म्हणून तू मला ढकललंस. तू आईच्या पदराखाली बसलास आणि मी इथं मरायला लागलोय. भित्रा आहेस तू."

आणखीही बोललो. सगळं लिहिवत नाही.

पलीकडून दुकानातला आवाज येत होता, कुणीतरी साबण मागत होतं. मग दादा म्हणाला, "पाणी पीत जा भरपूर." आणि कार्ड संपलं.

त्यानंतर त्या बोलण्याचा विषय ना त्यानं काढला, ना मी. सुट्टीवर गेलो की तो स्टँडवर न्यायला यायचा. माझं लग्न त्यानं लावून दिलं. मी फोरमन झालो, मग सुपरवायझर, मग गळ्यात आयडी कार्ड आणि टेबलावर लॅपटॉप आला. रेखा आली. सई इथंच झाली. ऊद मेथाच्या शाळेत शिकते, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. रोज फोन करायचो त्याचा आठवड्यानं झाला, आठवड्याचा सणासुदीला. आखातात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. आपण काही कुणाला तोडत नाही. फक्त 'उद्या करू' म्हणतो.

चार वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर दादाच्या दोन्ही मुलीही लग्न होऊन सासरी गेल्या. घरात दादा आणि मंगलवहिनी दोघंच. मी गेली दोन वर्षं दादाच्या मागे लागलो होतो की ये एकदा, व्हिजिट व्हिसा काढतो. तो दर वेळी एकच विचारायचा, "त्याला मेडिकल लागतं काय?" मी म्हणायचो, अरे, फिरायला येणाऱ्याला कसलं मेडिकल? पण तो पुन्हा विचारायचा. मला वाटलं, खेड्यातला माणूस, सुईला घाबरत असेल. पुन्हा तेच. भित्रा.

शेवटी गेल्या जानेवारीत तो आला. वहिनी आल्या नाहीत, म्हशी कुणाकडे सोडायच्या? एअरपोर्टवर पांढरा शर्ट, त्यावर स्वेटर, हातात घनसाळ तांदळाची पिशवी. उंच इमारतीवर नेलं तर म्हणाला, "एवढ्याला लोड किती लागत असंल रे?" मॉलमध्ये नेलं तर वर छताकडे बघत वायरिंग शोधत फिरला. तिसऱ्या दिवसापासून घरातलं काय काय दुरुस्त करायला लागला. रेखा म्हणाली, "भाऊजींना कुठंतरी मोकळ्यावर न्या हो, कोंडल्यासारखे झालेत."

मला डॉक्टरनं शुगरसाठी व्यायाम सांगितल्यापासून सई मला शनिवारी सकाळी सायकलिंगला नेते. शहराच्या कडेला एका बागेच्या आत वाळवंटातून माउंटन बाइकच्या वाटा काढलेल्या आहेत. अवघड वाटांवर लाल खुणा. हिरव्या खुणांची एक छोटी लूप आहे, नवशिक्यांसाठी. साताठ वर्षांची पोरंसुद्धा तिथं चालवतात. आम्ही बापलेक तिथंच. दादाला विचारलं तर त्याचा चेहरा खुलला. "सायकल व्हय? चल की."

भाड्यानं सायकली देणारा माणूस पेशावरकडचा होता. त्यानं दादाच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, पट्टा ओढला आणि म्हणाला, "चाचा, अब यल्ला, चलो, धीरे धीरे." सायकलचं भाडं किती ते मी दादाला सांगितलं नाही. रुपयांत सांगितलं असतं तर तो सायकलवर बसलाच नसता. त्यानं आधी चेन बघितली, ब्रेक दाबून बघितले, टायरवर अंगठा दाबला. मग पँटचे पाय मोज्यात खोचले.

"मोठे काका, यूज बोथ ब्रेक्स, ओके? नॉट ओन्ली फ्रंट!" सई पुढून ओरडली.

"काय म्हणत्या?"

"दोन्ही ब्रेक एकदम दाब म्हणते."

"मला शिकवत्या व्हय!" तो म्हणाला आणि निघाला.

सकाळचे सात वाजले असतील. गारवा होता. वाट घट्ट वाळूची, जेमतेम दोन हात रुंद, कडेला दगड मांडलेले. लहान लहान चढउतार, वळणावर वाळूचाच उभा काठ. मी ब्रेक दाबत, पाय टेकत चालवतो, नव्या पोरासारखा. दादा मात्र त्या उतारावर असा सुटला, की सई "वॉव!" म्हणून थांबलीच. तालुक्यातल्या सगळ्या बांधांवरून त्यानं खांद्याला वायरचं बंडल अडकवून सायकल हाकली होती. त्याला ही वाट काय नवीन! वळणावर त्यानं मागं वळून बघितलं. दात दिसत होते. त्याला असं हसताना मी कधी बघितलं होतं ते आठवेना.

वाटेला इथं घाफची झाडं आहेत. इथले लोक या झाडाला फार मानतात. दादा एकापाशी थांबला, पाला हातात घेतला, चोळला. "अरे, ही शमी की. आपल्या देवळामागं हाय ती." मी इतकी वर्षं त्या झाडांजवळून जातोय, मला ओळखता आलं नव्हतं.

अर्ध्या फेरीनंतर एक लांबट चढ आहे. फार नाही, पण वाळू जरा सैल. दादा निम्म्यावर उतरला. सायकल ढकलत वर आला आणि सावलीला बसला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. ओठ निळसर दिसले मला. सईनं पाण्याची बाटली दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पापा, ही इज नॉट ओके. हॅज ही गॉट अस्थमा?"

मी म्हणालो, "दादा, हा दम कधीपासून?"

"ह्यो जुना हाय." तो मधे मधे थांबत बोलत होता. "मुंबईच्या त्या डाक्टरनं तवाच सांगितलं होतं मला. म्हणाला, डाग हाय, वय झाल्यावर हिसका दावणार."

"कुठला मुंबईचा डॉक्टर?"

दादानं माझ्याकडे बघितलं. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाला, "आता आई न्हाई. आता सांगितलं तर काय बिघडतंय?"

आणि त्यानं सांगितलं. तो भ्याला नव्हता. तो मेडिकलला गेला होता, त्याच दवाखान्यात, माझ्या तीन आठवडे आधी. छातीच्या फोटोत डाग निघाला. टीबी बरी झालेली होती, गोळ्यांचा कोर्स पुरा केलेला होता, पण डाग तो डाग. कागदावर शिक्का मारून दिला, अनफिट.

आमच्या वडलांना टीबी होती हे मला ठाऊक होतं. मी आठवीत असताना ती निघाली, तेव्हा मला गडहिंग्लजला आत्याकडे शिकायला ठेवलं. मला वाटायचं, शाळा चांगली म्हणून. दादा घरात राहिला. वडलांना उठवायचं, धुवायचं, थुंकी पुरायची, सगळं त्यानं केलं, दोन वर्षं, ते जाईपर्यंत. आणि त्यातून त्याला लागली. हे मला कुणी कधी सांगितलं नाही.

"का नाही सांगितलंस?"

"आई म्हणाली, शिवाला सांगू नको. त्याला कळलं तर तो जायचा न्हाई. आणि गावात कळलं असतं तर माझं लगीन मोडलं असतं." मग म्हणाला, "मंगलला तेवढं सांगितलं होतं. लग्नाआधी. ती म्हणाली, असूदे."

सई मराठी समजते म्हटलं ना. ती खाली बघून बुटानं वाळू उकरत होती.

मला त्याच क्षणी म्हणायला हवं होतं. त्या फोनबद्दल. तोंडापर्यंत आलं होतं. पण पोरीसमोर कसं म्हणायचं, की मी या माणसाला भित्रा म्हटलंय? मी म्हणालो, "चल, ऊन व्हायच्या आत फेरी पुरी करू." उतारावर मला पुढचं नीट दिसेना, चाक सैल वाळूत रुतलं आणि मी आडवा झालो. दादानंच मला उठवलं. गुडघ्यावरची वाळू झाडली आणि म्हणाला, "दोन्ही ब्रेक दाबायचे असत्यात लेका."

तो आणखी अकरा दिवस होता. अकरा दिवस मी संधी शोधत होतो आणि मिळाली की टाळत होतो. गाडीत आम्ही दोघंच असायचो, तर मी रेडिओ लावायचो. इथल्या डॉक्टरला दाखवू म्हणालो, तर तो म्हणाला, "पुन्हा फोटो काढत्यात. नको." एअरपोर्टवर म्हणायचं असं ठरवलं होतं. तिथं रेखा, सई, खोबऱ्याच्या वड्या, वजनाचा घोळ. तो आत गेला आणि काचेच्या पलीकडून त्यानं हात केला. मी घरी येऊन बाल्कनीत बसलो.

जुलैमध्ये वहिनींचा फोन आला. दादाला न्यूमोनिया झाला होता, गडहिंग्लजला ॲडमिट, ऑक्सिजनवर. मी शनिवारचं तिकीट काढलं. त्या आठवड्यात आमच्या साइटवर शटडाउन होतं, माझ्या सहीशिवाय लाइन चालू होणार नव्हती. बॉसला सांगितलं असतं तर त्यानं सोडलं असतं. मी मागितलंच नाही. दादाला फोनवर विचारलं, आत्ता निघू का, तर तो म्हणाला, "घाई करू नको. मी बरा हाय." मला ते ऐकायला सोयीचं होतं.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी अबू धाबीकडच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या साइटबाहेर गाडीत बसून व्हिडिओ कॉल लावला. वहिनींनी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. नळी नाकात, दाढी वाढलेली. मी म्हटलं, "दादा, मी एकदा तुला फोनवर बोललो होतो. दुसऱ्या वर्षी. कॅम्पातनं."

"व्हय."

"तुला आठवतंय?"

"दुकानात उभा होतो की. सगळी ऐकत होती."

हे मला माहीत नव्हतं. बूथमध्ये मी इतका ओरडत होतो, की रिसीव्हरमधून सगळ्या दुकानाला ऐकू गेलं होतं. गावानं त्याला 'दुबईवाला' म्हणायचं का सोडलं नाही, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ कर."

तो दम घेत घेत बोलला. "राग आला होता मला. खोटं कशाला सांगू? वरीसभर आला होता. तू फोन केलास की मी वहिनीला पुढं करत होतो. तुला कळलं का?"

"नाही."

"मग झालं तर." आणि नाकातली नळी नीट करत, "गेला नंतर राग. जेवलास का?"

गुरुवारी पहाटे तो गेला.

मी गोव्याच्या विमानानं उतरलो, टॅक्सी करून आंबोलीचा घाट चढलो. धुक्यात ड्रायव्हरला पुढचं दिसत नव्हतं आणि मी त्याला "जरा जोरात" म्हणत होतो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. दुपारपर्यंत वाट बघितली होती माझी. मोठ्या जावयानं अग्नी दिला. मला राख मिळाली.

तेराव्यापर्यंत राहिलो. लोक भेटायला येत होते, दारात चपलांचा ढीग. त्यातला एक म्हातारा गृहस्थ, जुना टपरीवाला, माझ्याजवळ बसून म्हणाला, "आम्ही लई चेष्टा केली त्याची." मी त्याला डागाचं सांगितलं. मग जो भेटला त्याला सांगितलं, बाप्यांना, बायकांना, तालमीतल्या पोरांना. वहिनी एकदा म्हणाल्या, "बास करा भाऊजी. आता त्यानला काय त्याचं?" पण मला थांबवेना. दिवस कमी होते माझ्याकडे.

चौदाव्या दिवशी सकाळी मी अंगणात बसलो होतो. वहिनी धार काढून आल्या, बादली खाली ठेवली, पदरानं हात पुसले. त्यांच्या मनात काही नव्हतं, सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, घरी कधी जाणार?"

चोवीस वर्षं या घरानं मला विचारलं होतं, घरी कधी येणार. चिठ्ठीत आईनं, फोनवर दादानं. मी दर वेळी तारीख सांगायचो आणि ती पुढे ढकलायचो. ते विचारणारं कुणी होतं तोवर मी कुठंही राहत असलो तरी बाहेरगावी होतो, कामावर होतो, परतायचा होतो. आज आजऱ्याच्या अंगणात बसून मला कळलं, की ते संपलं. वहिनींचं काही चुकलं नव्हतं. तिकडं रेखा होती, सई होती. खरंच ते घर होतं.

मी म्हणालो, "परवा."

"मग उद्या तांदूळ भरून ठेवते," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.